पायगुण

वालपाराईसोच्या आमच्या टेकडीवर रस्ते नाहीत, पायऱ्या आहेत.
माझं पावाचं दुकान त्या पायऱ्यांच्या पोटात,
खिडकी एकच, तीही घोट्यांच्या उंचीला.
आधी आईच्या मांडीवरून, मग गल्ल्यामागून,
साठ वर्षं मी माणसं पायांवरून ओळखते.
चेहरे मला उशिरा कळतात.

निबाल्दोचा उजवा पाय लहानपणी रेंगाळायचा.
दुखणं काही नव्हतं.
मामा गोदीत लंगडा झालेला,
त्याचं बोट धरून चालायचं
तर तसंच चालावं लागे.
शाळेने डॉक्टरकडे पाठवलं.
डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे, सोबत बदला.

सोबत बदलली. एर्विन नावाचं वांड पोर
दोन-दोन पायऱ्या गिळत उतरायचं
आणि मागे निबाल्दो.
त्या वर्षी मला त्याचे पाय दिसलेच नाहीत,
नुसता वारा,
आणि एकदा सोललेला गुडघा.
एर्विन बोटीवर गेला तो गेलाच.
मग निबाल्दो एकेक पायरी मोजून उतरू लागला,
जशी काही मधली प्रत्येक पायरी
कुणाची तरी ठेव होती.

विशीत तो गॅसच्या टाक्या वाहायला लागला.
खांद्यावरच्या ओझ्याने शिकवलं ते थोडंच.
जास्त शिकवलं तिसऱ्या वळणावरच्या म्हातारीने,
जी दर वेळी दारातून विचारायची,
"घाई कुणाला रे, तुला की टाकीला?"

मग ओर्फेलिना. तिला थांबायची खोड.
मांजर दिसलं, थांब. समुद्र दिसला, थांब.
माझ्या खिडकीशी वाकून, "पाव आजचा की कालचा?"
रोज विचारायची, आणि काहीही उत्तर दिलं तरी घ्यायची.
तो चार पायऱ्या वर जाऊन टाच आपटत उभा.
पुढे टाच आपटायची थांबली.
कधी, ते सांगता येणार नाही;
अशा गोष्टी दिनदर्शिकेत नसतात.
पायगुण म्हणतात तो हाच असेल,
एकीच्या पायांचा गुण
दुसऱ्याच्या पायांना लागणं.

तिला जाऊन चार वर्षं झाली.
खांद्यावर टाकी नाही, वर कुणी वाट बघत नाही,
तरी तो तिच्या सगळ्या जागी थांबतो.
आणि दमला की उजवा पाय रेंगाळतो, मामाचा.
मुलीला वाटतं धाप लागते.
तिने सांतियागोहून गोळ्या पाठवल्या आहेत.
फोनवर मी तिला काही बोलले नाही.

वरच्या खोलीत व्हेनेझुएलाहून आलेली एक बाई राहते.
ती दिवसभर कामावर, म्हणून तिच्या येफर्सनला
निबाल्दो शाळेतून आणतो.

गेल्या मंगळवारी खिडकीत दोनच बूट आले, छोटे,
नाड्या सुटलेल्या.
उजवा जरा रेंगाळला.
मग दोन्ही थांबले.
मांजर नव्हतं. समुद्र धुक्यात होता.
बूट माझ्याकडे वळले, गुडघे वाकले,
आणि एक चेहरा खाली आला, दात पडलेला:
"पाव आजचा की कालचा?"

मला क्षणभर पिशवीच सापडेना.

"आजचा," मी म्हणाले,
आणि एक जास्त टाकला,
ओर्फेलिनाला टाकायचे तसा.

मागून मोठे बूट आले.
वरच्या पायरीवर टेकले.
कुणाला घाई नव्हती.