एका बाजूची धार

इतवारीत आज ब्लेड मिळाली नाहीत.
मिळाली ती हार्डवेअरच्या दुकानात,
पुट्टीच्या डब्यांमागे, धूळ खात.
"काच खरडायले नेतेत पेंटरवाले," दुकानदार म्हणाला,
"तुम्ही काय खरडता जी?"
मी गालाकडे बोट केलं.
तो हसला नाही. सुटे पैसे मोजत राहिला.

रेझर बाबांचा. त्याआधी
कामठीच्या छावणीतल्या कुणा गोऱ्याचा.
लिलावाच्या पोत्यात, बुटांच्या नालांसोबत आला म्हणे.
किंमत बाबा दर वेळी बदलून सांगायचे,
कधी बारा आणे, कधी दीड रुपया.
मुलामा गेलाय, पितळ उघडं पडलंय,
बिजागरी मात्र अजून टक्क करून मिटते.

ब्लेडला एकच धार.
दुसऱ्या बाजूला दुमडलेल्या पत्र्याची जाड पाठ,
तिथं बोट ठेवलं तर काही होत नाही.
बाबांना ते आवडायचं त्यासाठीच.
पाच दाढ्या झाल्या की तेच ब्लेड मागावर जायचं,
काठाची सुटी सुतं छाटायला.
एखाद्या लुगड्यात विणला गेला असेल
आमच्या घरातला एक बारीक केस.
गिऱ्हाइकाला काय कळतं.

तांडापेठेत मे महिन्यात
सकाळी सहालाच कूलरला धाप लागते.
मी वाटीत फेस करतो. खस आणि साबण,
दोन्ही वास एकमेकांत मिसळतात.
रेझर जड आहे, दाबायचा नाही,
आपल्याच वजनानं उतरू द्यायचा
आणि कान द्यायचा:
खर्र, खर्र.

"दाढीलेही ताणाबाणा असते."
सोळाचा होतो मी, ओठावर नुसती लव.
बाबांनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं,
थानातलं कापड फिरवावं तसं,
आणि अंगठ्यानं गाल चाचपत गेले.
"इथून खाली. इथून कानाकडे.
अन् इथं," डाव्या जबड्याखाली थांबून,
"इथं भोवरा हाय. मलेही इथंच हाय.
इथं घाई नोको करू."

माग मी शिकलो नाही.
धोटा एकदाच फेकला होता,
तो पलीकडे पोचलाच नाही, मधेच ताण्यात बुडाला.
बाबा काही बोलले नाहीत.
दुपारभर तुटलेले धागे जोडत बसले,
थुंकीनं टोक ओलं करून, एकेक.
मी आयटीआय केलं, कोराडीला लागलो.
तीस वर्षं पाळ्या, तीस वर्षं रुमालाला राख.

माग गेला लाकडाच्या भावात.
फणी तेवढी आईनं ठेवून घेतली,
कशाला, ते तिनं सांगितलं नाही.
ज्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे
तो मुरमानं बुजवला, वर फरशी घातली,
आणि नळ त्याच कोपऱ्यात आला
म्हणून बेसिनही तिथंच.

आत्ता भोवऱ्यापाशी आलोय.
मान वर, कातडी ताणून धरलेली.
आणि लाइन गेली.
कूलरचं पातं दोन-तीन गिरक्या घेऊन थांबलं.
आरशात अर्धा गाल पांढरा, बाकी अंधार.
पाय ओले लागतायत:
मिस्तरीनं दोनदा भर टाकली तरी
त्या जागी फरशी जराशी खचलेलीच,
रोजचं पाणी तिथंच येऊन बसतं.

शेजारचे सोनकुसरे ओरडतायत,
"तुमच्याकडेही गेली का बे?"
"हाव," म्हणतो मी, ओठ न हलवता.

मेणबत्ती शोधायला जात नाही.
रेझर बाजूला धरून
अंगठा गालावरून खाली नेतो,
मग कानाकडे,
अन् इथं.