३०पैकी ११

अल कूझच्या शेडमध्ये मी फ्रेमा ठोकतो.
आज एक कागद आला, कोरा, पिवळट.
कोपऱ्यात पेन्सिलीने ११/३०, आणि सही.

गॅलरीवाली म्हणाली,
तीस कागद गच्चीवर ठेवले होते,
जून ते सप्टेंबर.
छापलं ते उन्हानं.

भाव ऐकून मी हात पुन्हा धुतले.

काच मात्र खास, ऊन अडवणारी.
आणखी पिवळा पडला तर किंमत जाते.

दुपारच्या सुट्टीत शेजारच्या परांचीवरून
तातू पेडणेकर पाणी प्यायला आला.
मान वाकवली तेव्हा कॉलरीपाशी रेघ दिसली:
खाली गावचा तातू,
वर नऊ उन्हाळे.

ओठ पुसत तो कागदाकडे बघत राहिला.
"ह्येच्यार काय काढूचा ऱ्हवला?"

मी म्हटलं, हात लावू नको.