जोडून देते

जुन्या वहीची शिवण उसवली,
म्हणून लिफ्टने खाली बंदरात उतरले आणि नवी आणली.
तळहाताएवढी. दुकानदार म्हणाला,
"दोन्या एर्मेलिंदा, एवढ्यात मावतील सगळे?"
म्हटलं, सगळ्यांना कुठे बोलावलंय.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस उद्धट होत नाही,
फक्त पिशवी हलकी भरायला शिकतो.
वाल्परायसोत चढच एवढे आहेत.

सकाळपासून धुकं समुद्र सोडून वर आलंय.
समोरच्या टेकडीवरची निळी-पिवळी घरं पुसली गेली,
धक्क्यावरचे सीलायन नुसते भांडताना ऐकू येतात.
मी टेबलाशी. चष्मा, चहा, दोन वह्या.

जुनीत दोनशे बारा नावं. मोजली.
एका पाळीत याहून जास्त माणसं मी जोडून द्यायचे,
टेलिफोन एक्स्चेंजच्या उंच स्टुलावर,
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या:
"बोला, जोडून देते."
डॉक्टर बाळंतिणीला, सावकार कप्तानाला.
कोण कुणाशी किती वेळ गप्प राहतं
हेही मला पाठ होतं.

आता एकेक उतरवून घेते.
मेलेल्यांना खोडत नाही. त्यांचे नंबर बोटांना येतात,
त्यांना वही कशाला.
"प्लंबर, लाल मिशा": मिशांसकट गेला असावा.
व्हिन्याची वकीलीणबाई, जिला चोवीस नाताळ
मी न चुकता कार्ड पाठवलं, तिला जुनीतच राहू दिलं.
राग नाही. रागाला जी ताकद लागते
ती मी जिन्यांसाठी राखून ठेवलीय.
भाऊ, हो. भावाची दुसरी बायको,
तिचा केक नको, पण ती हवी.
आणि एक नाव, जे जुनीत नव्हतंच:
विल्नेर, हैतीहून आलेला, कोपऱ्यावर पाव भाजतो,
मला त्याच्या भाषेत दहापर्यंत मोजायला शिकवतो
आणि मी सातावर अडते तेव्हा हसत नाही.

मग 'न' आला.
नोल्फा सेपुल्वेदा. शेजारचं स्टूल.
चाळीस वर्षांचा अबोला.

तिने एकदा लाइनवर ऐकलं
(ऐकायचं नसतं, सगळ्याच ऐकायचो)
माझा नवरा दुसऱ्या कुणाला 'माझी चिमणी' म्हणताना,
आणि दुपारच्या सुट्टीत मला सांगितलं.
नवऱ्याचं मी पोटात घातलं.
सांगणारीचं नाही.
तो गेला त्याला सोळा वर्षं झाली, दर महिन्याला फुलं नेते.
ती जिवंत आहे, तीन टेकड्यांपलीकडे,
माझ्यासारखाच अर्धा पाव उद्यासाठी झाकून ठेवत असेल.

हा हिशेब आधी दिसला नव्हता असं नाही.
दिसला होता. पण तेव्हा मला
बरोबर असण्याची फार हौस.

संध्याकाळच्या चहाला आमच्याकडे 'अकरा' म्हणतात,
का, ते कुणी धड सांगत नाही.
त्या वेळी नंबर फिरवला.
"कोण?" आवाज गंजलेल्या कडीसारखा.
आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, न ठरवता:
"बोला, जोडून देते."

तिकडे शांतता.
शांतता मी ओळखते, सांगितलं ना.
ही फोन ठेवणाऱ्याची नव्हती,
श्रवणयंत्र चाचपणाऱ्याची होती.
"मोठ्यानं बोल, एर्मे," ती म्हणाली,
"डावा कान गेला. साऱ्या शहराचं ऐकून ऐकून."

मग गुडघे, बटाट्यांचे भाव, तिचं एकडोळं मांजर.
त्या विषयाला दोघींनी हात लावला नाही.
तो मधल्या खुर्चीवर बसून होता,
आमच्याइतकाच म्हातारा,
त्यालाही कपभर ओतावा असं वाटलं.

"गुरुवारी ये," म्हणाली. मग लगेच,
"पण माझ्याकडे एक्केचाळीस पायऱ्या आहेत."
म्हटलं, बघते.

'न'च्या पानावर नाव लिहिलं, पेन्सिलीनं.
शाईचं गुरुवारनंतर बघू.