शिवण

कामठीच्या गोठ्यात सापडली तेव्हा
तिच्यात कडबा भरला होता.
साहेबाच्या सीटवर म्हशींचं मीठ,
चाकांच्या तारांत कोंबडीची पिसं.
जनावरांच्या डॉक्टर यशोधरा मून
फीच्या बदल्यात घेऊन आल्या, ट्रॅक्टरमागे बांधून.
इर्शाद मिस्त्रीनं अष्टकोनी बिल्ला बनियनला पुसला:
'एम.जी. आहे बाप्पा. अठ्ठेचाळीसची.'

आधी कांद्रीच्या मँगनीज खाणीचा गोरा मॅनेजर,
मग धंतोलीचे एक वकील, जे केस हरले की
टप उघडा ठेवून एकटेच रामटेकला जायचे म्हणे,
मग भाचा, मग कोर्टाचं सील, मग म्हशी.

मला बोलावलं लाकडासाठी.
मी हसलो. मोटरीत लाकूड कुठं?
इर्शादनं दाराचा पत्रा सोलला.
आत सांगाडा. बोटानं दाबला की पीठ.
'ॲश आहे,' डॉक्टर म्हणाल्या.
आमच्याकडे ॲश म्हणजे कोराडीची,
दोरीवरच्या धुण्यावर पडते ती.

एकतीस वर्षं मोतीबागेत डबे बांधले मी, नॅरोगेजचे.
अडीच फुटांची लाइन. लोक खेळणं म्हणायचे.
हात आपोआप सागवानाकडे गेला.
डॉक्टरांनी फळी कुत्रे तोलायच्या काट्यावर ठेवली.
'जड आहे, झिलपेभाऊ. हिचं इंजिन लहान.
म्हणून तर त्यांनी अंगावरचा किलो किलो उतरवला.'

मग शिवण.
पाळण्याचं लाकूड, ढोलकीचं.
रंध्यातून कागदासारखं निघतं, वास म्हणावा तर नाही.
तेलाच्या डब्याला पाइप लावून वाफ दिली.
दोन कमानी मोडल्या, तिसरी वाकली.
मे महिना, शेडमध्ये सत्तेचाळीस.
तिकडचं लाकूड सडून मरतं, इकडचं तडकून.
दुपारी सांगाड्यावर ओलं पोतं पांघरायचो,
तापातल्या पोराला पांघरतात तसं.

इर्शादची लढाई वेगळी:
नटाचं डोकं इंग्रजी मापाचं, आटे मिलिमीटरचे.
'धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं! काहून केलं असं यायनं?'
शेवटी एक पाना त्यानं घासून घासून स्वतः बनवला,
आणि कोणालाच हात लावू दिला नाही.

डाव्या दाराचा खांब सोडवताना
हाताला सागवान लागलं.
वीतभर तुकडा, नंतर कोणी घातलेला.
डोव्हटेल. एक दात मुद्दाम तिरका.
तिरका दात फक्त विरुळकर उस्ताद काढायचे.
मागं छाप: बी. एन. आर.

म्हणजे वकिलांच्या काळात कधीतरी,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळून, गेटबाहेर.
आणि पोरीच्या पाटीला चौकट करावी म्हणून
मी एक कपटी खिशात घातली होती,
तेव्हा साऱ्या शॉपसमोर मला उभं केलं,
ते हेच उस्ताद.

कोणाला बोललो नाही.
काट्यावर ठेवला: तीनशे चाळीस ग्रॅम.
शिवणीचा दीडशेत झाला असता.
होता तिथंच बसवला.

दिवाळीनंतर एका पहाटे छिंदवाडा रोडला काढली.
डॉक्टर चालवत होत्या, मी डावीकडे, गुडघे छातीशी.
बाजूची लाइन उखडलेली, खडीत स्लीपरांचे वळ.
'कसं वाटतं?' त्या ओरडल्या.
मी काहीतरी म्हणालो, ते मागंच राहिलं.

खापरखेड्याला चहासाठी उतरलो.
त्यांनी दार लावलं: टक्.
मी माझं लावलं:
थड्.
तिसऱ्या वर्गाचा डबा, इतवारी यार्डात, रात्रपाळीला.

मागून मोटरसायकलवर आलेल्या इर्शादचे कान टवकारले.
'डाव्याचा आवाज वेगळा येऊन राहिला, भाऊ. खोलून पाहू का?'

'राहू दे,' म्हटलं. 'चहा घे.'