बेटावरची बाई

रविवारी सकाळी साडेनऊला इंग्रजी खेळ.
आदल्या दिवशी बालमणीआत्यानं
हजाराच्या जागी दीड हजार विड्या वळल्या
आणि मला म्हणाली, चल, तुझं तिकीट अर्धं.

बाहेर सोलापूरचा एप्रिल.
आत समुद्र.
नारळ, पांढरी बोट, पांढऱ्या साहेबाचा पांढरा सूट,
एवढ्या उन्हात घामाचा एक डाग नाही.
पडदा एके ठिकाणी शिवलेला होता,
त्या टाक्यावरून लाटा यायच्या
जरा अडखळून.

इंग्रजी कुणाला येत होतं?
पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत,
मिलच्या स्टोअरमधला इरेशम म्याकल
सगळ्या टॉकीजला मोठ्यानं सांगायचा:
"तो म्हणतोय, माझी बायको हाय तिकडं, आजारी.
ती म्हणतीय, मला ठाऊक होतं."
बायका च्च् च्च् करायच्या.
आत्या पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती.

तिथं, नायिकेच्या सोनेरी केसांमागं,
बेटावरची एक काळी बाई मागावर बसलेली,
नारळाइतकीच शोभेची.
पुढं दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली,
व्हायोलिनं रडायला लागली,
आणि आत्या फिस्सकन हसली.
"अगं, ताणाच लावला नाही की तिच्या मागाला!
रिकामा धोटा फेकतीय बिचारी."
मागून कुणीतरी शिवी दिली.

शेवटी बोट सुटली.
धक्क्यावर ती, कठड्याशी तो,
दोघांचे ओठ बराच वेळ हलत होते
आणि इरेशम काही बोलेना.
"काय म्हणतीय रे?" दोघीतिघी ओरडल्या.
तो उठला. दाराचा पडदा सरकला,
उन्हाची एक पट्टी
आत्याच्या गुडघ्यावर पडून
मिटली.

मंगळवारी कळलं, भिवंडीला गेला.
सासऱ्यानं पॉवरलूमवर बोलावलं म्हणे,
बायको आधीच पोचली होती.

आत्या सूप मांडीवर घेऊन बसली.
पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा.
मी विचारलं, शेवटी ती काय म्हणाली असेल गं?
"काय म्हणणार?
जेवून जा म्हणाली असेल."

पन्नासाचा एक कट्टा बांधून झाला, दुसरा झाला.
मग मान वर न करता म्हणाली,
"ती मागावरची गेली असेल संध्याकाळी घरी.
तिथं असणार
ताणा लावलेला."