तिरक्या रेघा

अजनीच्या पेन्शन ऑफिसात
डि'रोझारिओ काकांचा अर्ज
दर सेव्हला नव्या तिरक्या रेघा घेऊन परत यायचा.
चौथ्या खेपेला, त्या एवढ्याशा चिन्हाआधी, पंधरा.
"काऊन वो मॅडम, चोर समजता का मले?"

काल रात्री, कूलरच्या ताट्या ओल्या करून,
ऑनचं ऑफ केलं.
सगळ्यांवर सारखाच संशय घेणारा
तो पहारेकरी घरी गेला.

आता रकान्यारकान्यापाशी मीच.
येणाऱ्याला विचारते, कुठे निघालात?
डेटाबेसच्या दाराशी तपासणी वेगळी,
पानावर उमटताना वेगळी.
डुलकी लागली तर संपलंच.

सकाळी काकांनी स्क्रीनवर
नेमकं त्या चिन्हावर बोट ठेवलं.
"हे माह्या बापाचं," म्हणाले.

एकशे बारा रकाने.
बहात्तर झालेत.