सोळावा सदरा

सोमवारी पहाटे इकुपाच्या काठावर
आधी धुकं येतं, मग मी.
डोक्यावर गाठोडं, आत पंधरा सदरे,
सगळे लाल, असं म्हणायचं.
तीन वर्षांत ते विटकरी झाले,
आणि इथली माती मुळातच विटकरी,
तेव्हा धुतले काय, न धुतले काय,
हे मला आणि पाण्यालाच कळतं.

पाठीवर आकडा, छातीवर
कुठल्याशा विमा कंपनीचं नाव.
कंपनी बुडाली. नाव काही निघत नाही.

पोरं एकतीस.
अर्धा खेळ झाला की कडेला
उघडी पोरं कुडकुडत उभी राहतात,
आणि घामेजला सदरा एकाच्या डोक्यावरून निघून
दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरतो,
आतली ऊब न सांडता.

मैदान म्हणजे भाताचं खाचर.
कापणी झाली की चार महिने क्लबचं.
धसकटं पोरांनीच उपटायची.
गोलाचे खांब निलगिरीचे,
त्यातला एक वाकडा. त्यावरून भांडणं होतात.

रग्बीतलं मला फारसं कळत नाही.
एवढं कळलं, की चेंडू पुढे फेकायचा नाही.
पळायचं पुढे, द्यायचा मागच्याला,
न बघता. तो असेल या भरवशावर.
माझा नवरा असंच काहीतरी देत राहिला जन्मभर,
मागे कुणी नव्हतं.
जाऊ दे.

सदरे मात्र मला वाचता येतात.
दोन नंबरची कॉलर पुन्हा उसवली:
हा मान खाली घालून शिरतो,
मास्तरांच्या कानावर घालायला हवं.
नऊ नंबरच्या बाहीला शेंबूड:
म्हणजे त्सिरी रडला,
पण शेंबडावर ताजी माती आहे,
म्हणजे रडून परत आत गेला.

अकरा नंबर तीन सोमवार कोरा आला.
घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
मी तरी धुतला. पाणी स्वच्छच वाहून गेलं.

न्द्रियाना वीटभट्टीवर लागला होता.
डोक्यावर फळी, फळीवर विटा,
हजाराचा हिशेब, रविवार धरून.
हेरीझू मास्तर स्वतः गवंडी,
मुकादमाशी काय बोलले ते माहीत नाही.
पुढच्या रविवारी उजाडायच्या आत
तीस पोरं भट्टीपासून गाडीपर्यंत उभी,
वीट हातातून हातात,
मागच्याला, मागच्याला, न बघता.
दोन फुटल्या. त्याचे पैसे मास्तरांनी भरले.
नऊच्या आत हजार पुरे.

त्या सोमवारी अकरा नंबर
इतका मळून आला,
की मी काठावर तो तसाच
मांडीवर घेऊन बसले बराच वेळ.

वाळत घालते गवतावर, आकड्यांप्रमाणे,
आठ पुढे, सात मागे.
शेजारच्या दगडावरची वुआहंगी हसते:
"तुझा अख्खा संघ आडवा झाला की गं!"

आज गाठोडं जड लागलं.
मोजले. सोळा.

सोळावा कुणाच्या तरी बापाचा,
बाह्या कात्रीने नव्हे, सुरीने कापलेल्या,
पाठीवर कोळशाने काढलेला आकडा,
त्यातल्या सहाचं पोट भलत्याच बाजूला.
गळ्याशी अडकलेला एक लांब केस.
फानिरी असणार, कालव्यापलीकडची,
बाहेर गेलेला चेंडू जी रोज पळत आणून देते
आणि देताना जरा जास्तच वेळ धरून ठेवते.

कोपरांपाशी माती. छातीवर माती.
म्हणजे काल तिला कुणी तरी पाडलं,
म्हणजे काल तिच्याकडे चेंडू होता.

कोळसाच तो. साबण लागला की गेला.

पंधरा आपटून, पिळून टाकले.
सोळावा पाण्यात सोडला नाही.
बोटं ओली केली,
आणि खांदे, पोट, कोपरं,
आकड्याच्या कडेकडेने,
श्वास धरून.